फाल्गुनरावाची पगडी भाड्याने घेताना

सांगलीत गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर नाटकाची ड्रेपरी भाड्याने मिळते. पाटी नाही, जाहिरात नाही. नाटकवाल्यांना ‘माडीवरचे काका’ एवढं सांगितलं की पुरतं, म्हणून दुकानाचं नाव इथेही देत नाही. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीतल्या पेट्या पाण्यात गेल्या, तेव्हापासून सगळा माल वर आहे. जिना अरुंद आणि उभा. त्यामुळे कपडे, टोप (नकली केस), दागिने आणि हातातलं सटरफटर सामान इथे मिळतं. झोपाळा, कोच, गाद्या-लोड मिळत नाहीत. त्यासाठी मंडपवाल्याचेच पाय धरावे लागतात.

आधी निकाल सांगून टाकतो. कापड चांगलं, निगा चांगली, वेळ पाळतात. पण ‘संगीत नाटकाचा संच’ म्हणून जे एकगठ्ठा गाठोडं हातात देतात ते घेऊ नका. ‘संशयकल्लोळ’ किंवा त्या वळणाचं, लग्न जमवण्याच्या भानगडींवर आणि घराण्याच्या तोऱ्यावर हसणारं नाटक करायचं असेल तर कपडे सुटे निवडा. दोन तास जास्त मोडतील. पौराणिक नाटकात मुकुट चढवला की राजा झाला, तिथे संच खपून जातो. सामाजिक विनोदी नाटकात कोण वरचा, कोण खालचा, कुणी कुणाकडे मान वर करून बघायचं नाही, हे पात्रं बोलून दाखवत नाहीत. बाराव्या रांगेतल्या आजींना ते एन्ट्रीलाच कपड्यांवरून कळावं लागतं. ते कळलं तरच पुढे शेठजी भलत्या दारात उभा राहिल्याची गंमत वाटते.

‘संशयकल्लोळा’त तर ते जास्तच. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे कथानक घेतलं ते मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनावरून, मधे आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकाचा टप्पा. देवलांनी ते आधी गद्यात केलं, आणि १९१६ साली बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीने संगीत रूपात रंगभूमीवर आणलं. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हीकडे नायिका प्रतिष्ठित बापाची लेक आहे. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केलं. एवढ्या एका बदलाने नुसत्या घोटाळ्याला सामाजिक धार आली. घरंदाज कृत्तिका लग्नाची बायको असूनही नवरा, फाल्गुनराव, तिच्यावर पाळत ठेवतो, आणि रेवतीवर, म्हणजे त्या नायकिणीच्या मुलीवर, जीव ओवाळणारा अश्विनशेठ आपल्याच एका तसबिरीवरून तिच्यावर उलटतो. तो इतक्या झटकन का उलटला, हे रेवती कुठल्या घरातली आहे हे डोळ्यांना दिसत असेल तरच प्रेक्षकाला उमगतं. म्हणजे निम्मं दिग्दर्शन माडीवरच्या ट्रंकांत पडून आहे.

आता संचात काय येतं ते बघू. चार लाल पगड्या, पाच अंगरखे, सहा शिवलेली धोतरं, सहा शिवलेल्या नऊवाऱ्या, तेवढेच ब्लाउज, दागिन्यांचे सहा सारखे डबे, दोन शाली, उपरणी, नोकराचा एक ड्रेस. वाटणीला सोपं, भांडण नाही. आणि तिथेच घात होतो, कारण सगळे सारखे दिसतात.

पगडीपासून सुरुवात करा. संचातल्या चारही पगड्या एका साच्यातल्या, एका लाल रंगाच्या. फाल्गुनराव आणि अश्विनशेठ एकाच पगडीत समोरासमोर आले की प्रेक्षकाला ते चुलतभाऊ वाटतात. काकांकडे मागच्या कपाटात जुन्या, रंग उतरलेल्या चक्री पगड्या आहेत. त्यातली एक फाल्गुनरावाला घ्या. जुन्या वळणाचा, स्वतःच्या इभ्रतीला जपणारा, पण आतून पोखरलेला गृहस्थ त्या उतरलेल्या रंगातच दिसतो. अश्विनशेठला नवी, चकाकती, थोडी लहान पगडी किंवा जरीकाठी रुमाल द्या. पैसा तरुण आहे हे कळायला हवं.

माप हा पगडीचा खरा त्रास. फेटा डोक्यावर बांधतात, पगडी बांधलेलीच येते; ती आवळता येत नाही. नटाच्या डोक्याचा घेर कानांच्या वरून टेपने मोजून कागदावर लिहून न्या. बहुतेकांचा २१ ते २३ इंचांत बसतो. टोप लावणार असाल तर टोप घालून मोजा, हे हमखास विसरतात. पाव इंच सैल असेल तर आत कापडाची पट्टी शिवून भागतं. अर्ध्या इंचाच्या पुढे सैल असेल तर दुसरी मागा, कापूस कोंबून घेऊ नका, घामाने तो दबतो आणि दुसऱ्या अंकात पगडी कानावर येते. माडीवरच तीन गोष्टी करून बघा: वाकून नमस्कार, गर्रकन मागे वळणं, मांडी घालून बसणं आणि हाताचा टेका न घेता उठणं. फाल्गुनरावाचं अर्धं काम मागे वळून बघण्यात जातं. नको तिथे पगडी पडली तर हशा येतो खरा, पण तो नटाला असतो. पुढच्या चार वाक्यांचा बळी जातो. मुद्दाम पाडायची असेल तर नाटकभरात एकदाच, आणि तीही बायकोसमोर.

धोतरांबद्दल काकांचं म्हणणं असं की आजकालच्या पोरांना नेसता येत नाही, म्हणून इलॅस्टिकचं शिवलेलं ठेवतो. बरोबर आहे त्यांचं. पण शिवलेल्या धोतराचा सोगा हातात येत नाही, कासोटा चाचपता येत नाही. घाबरलेला नवरा, ऐट मारणारा शेठ, कामाला लावलेला गडी हे तिघे धोतराशी तीन तऱ्हांनी वागतात, आणि विनोदी नटाला हातांसाठी याहून चांगलं काम सापडणार नाही. फाल्गुनराव आणि अश्विनशेठ या दोघांपुरतं तरी साडेचार मीटरचं साधं धोतर मागा. ते शेल्फाच्या तळाशी आहे, मागितल्याशिवाय निघत नाही. प्रयोगाआधी आठ दिवस तालमीला तेच नेसवा. पहिले तीन दिवस सुटेल. सुटू द्या.

बायकांच्या कपड्यांत चूक झाली तर मात्र नाटकच कोसळतं. शिवलेल्या नऊवाऱ्या सगळ्या एका मापाच्या, एका पद्धतीने काष्टा काढलेल्या, रंग तेवढे वेगळे. त्यात दागिन्यांचा डबा. डब्यात ठुशी, नथ, बांगड्या, वेल, गजऱ्याचा आकडा, आणि प्रत्येक डब्यात एक मंगळसूत्र. आरशासमोर मुली घाईत असतात, डबा उघडला की आहे ते सगळं घालतात. रेवतीच्या गळ्यात मंगळसूत्र गेलं की संपलं. जिच्याशी लग्न होईल की नाही यावर सगळं अडलंय तीच पहिल्या प्रवेशात लग्न झालेली दिसते. प्रेक्षागृहात कुणी ओरडून सांगत नाही, फक्त कुजबुज होते आणि पुढचं पद पाण्यात जातं. दुकानातून निघण्यापूर्वी सहापैकी पाच डब्यांतली मंगळसूत्रं काढून काकांकडेच परत ठेवा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. उरलेलं एक कृत्तिकेचं. ते लांब आणि ठळक मागा, कारण तिच्या सगळ्या रागाला त्या काळ्या मण्यांचा आधार आहे. भांडताना तिने ते नुसतं बोटाला गुंडाळलं तरी काम होतं.

कृत्तिकेला इरकल किंवा साधी सुती, गडद रंग, पदर दोन्ही खांद्यांवरून. घरात चार माणसांत वावरणारी बाई दाखवायची तर पदराचं ओझं दिसलं पाहिजे. ती खिडकीतून वाकते तेव्हाही पदर आधी सावरते, मग डोळे फाडून बघते. तेवढ्यावर टाळी घेणाऱ्या नट्या आहेत. रेवतीला रेशमी, फिकट, अंगासरशी नेसलेली. दागिना एकच, पण चांगला. इथे संच देणारा आणि घेणारा दोघेही उलट करतात: नायकिणीची मुलगी म्हणून तिला झगमगवतात आणि कृत्तिकेला बापुडवाणी करून ठेवतात. नाटकातली खोच वेगळी आहे. घरंदाज म्हणवणारे लोक नाटकभर खिडकीतून डोकावतात, दुसऱ्याच्या वस्तू चाचपतात, नोकराला फितवतात. आणि जिला समाज घराबाहेर ठेवतो ती सगळ्यांत सभ्य वागते. रेवतीचे कपडे कृत्तिकेपेक्षा सोज्वळ असले तरच हा टोला बसतो. भडकपणा हवाच असेल तर तो मघेला, रेवतीच्या आईला द्या. तिला माल विकायचाय.

जरीचा सोस कुठून आला ते माहीत असलेलं बरं. नागठाण्याचे बालगंधर्व या नाटकात रेवती करायचे, गणपतराव बोडस फाल्गुनराव. गंधर्व मंडळीच्या खऱ्या शालूंच्या आणि अत्तराच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगतात. त्या आठवणीने प्रत्येक ड्रेपरीवाला संगीत नाटक म्हटलं की जरी काढतो. काकांकडचे दोन शालू खरोखर देखणे आहेत, जर काळवंडलेली नाही, घडीवर चिरलेले नाहीत. एक शेवटच्या प्रवेशासाठी जरूर घ्या. पण पहिल्या अंकापासून सगळ्या बायका जरीत आल्या तर प्रेक्षकाला हे लग्नघर वाटतं, आणि प्रेमाआड नक्की काय येतंय ते शोधत बसावं लागतं.

फाल्गुनरावाच्या नोकराचा, भादव्याचा ड्रेस हा या दुकानाचा सगळ्यांत कच्चा भाग. नोकर म्हणून जो देतात तो निळी चकचकीत बंडी, गोंड्याची टोपी, आखूड विजार असा, वगातल्या सोंगाड्याचा आहे. भादव्या सोंगाड्या नाही. मालक दरडावतो, मालकीण दरडावते, दोघांनाही त्याच्याकडून दुसऱ्याची खबर हवी, आणि त्याला पोटाची काळजी. उलटतपासणीच्या प्रवेशात तो जितका खरा गडी दिसेल तितका हशा मोठा. याला एक उपाय आहे आणि तो फुकटात होतो. फाल्गुनरावाला जो रेघांचा अंगरखा देताय त्याच कापडाचा जुना, विटलेला अंगरखा काकांकडे आहे. बंद तुटलेत म्हणून तो भाड्याला जात नाही. तो मागून घ्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडा आणि भादव्याला घाला. मालकाचा टाकलेला कपडा गड्याच्या अंगावर. दोघे शेजारी उभे राहिले की एकही शब्द न बोलता लोक हसतात, आणि मालक त्याला “तू कोण मला शिकवणार” अशा आवेशात झापतो तेव्हा परत हसतात. पाय अनवाणी. अश्विनशेठचे जोडे लाकडी स्टेजवर वाजू द्या, भादव्याचे पाय वाजता कामा नयेत, म्हणजे तो कधी येऊन उभा राहिला ते मालकाला कळत नाही.

तसबीर दुकानात मिळते, पण घेऊ नका. काचेच्या फ्रेममधला कुठल्यातरी फेटेवाल्याचा फोटो आहे. सगळं नाटक त्या वस्तूवर उभं आहे: रेवतीला घेरी येते, तिच्या हातून ती पडते, सावरायला फाल्गुनराव धावतो, ते कृत्तिका वरून बघते, मग तसबीर कृत्तिकेच्या हाती, तिथून फाल्गुनरावाच्या, आणि शेवटी ज्याची आहे त्याच्या नजरेला. इतक्या हातांतून जाणारी वस्तू काचेची असली तर दोन गोष्टी होतात. स्पॉट तिच्यावर पडून चेहऱ्यांवर कवडसे नाचतात, आणि घेरीच्या प्रवेशात ती फुटते. मग नऊवारीतली नटी काचांवर पडायचं टाळत घेरी आणते, ती घेरी कुणाला पटत नाही.

घरीच करा. अश्विनशेठ करणाऱ्या नटाचा, त्याच पगडीत, तपकिरी छटेचा फोटो. पाच बाय सात इंच. याहून लहान केला तर मागच्या रांगांना दिसत नाही, मोठा केला तर पदराआड लपत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेला लाकडी पट्टी, पुढे काच किंवा ॲक्रिलिक काहीही लावू नका. पाठीला गडद मखमल लावली तर पडल्याचा खट्ट आवाज मऊ होतो, आणि पालथी पडली तरी काळ्या स्टेजवर हरवू नये म्हणून मखमल लाल घ्या. दोन प्रती करा, दुसरी डाव्या विंगेत टेबलावर. पडायची जागा तालमीतच खडूने ठरवा. प्रयोगाला तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा. ती फुटलाइटच्या बाजूला घसरली तर कृत्तिकेला पुढे येऊन वाकावं लागतं आणि ‘चोरून उचलली’ हा भाव जातो.

खिडकीसाठी दुकानात काही नाही. दीड-दोन फूट उंचीची लेव्हल (चौथरा) आणि खिडकी कापलेला फ्लॅट (उभी चौकट) नेपथ्यवाल्याकडून घ्या. खिडकीची खालची कड कृत्तिकेच्या कमरेला लागली पाहिजे, छातीला लागली तर नुसतं डोकं दिसतं. रंगवलेले पडदे इथे आहेत: रस्ता, दिवाणखाना, राजवाडा, जंगल. दिवाणखान्याच्या पडद्याला डावीकडे पाण्याचा डाग आहे, म्हणून काका राजवाडा खपवायला बघतात. नको. खांबांच्या महालात फाल्गुनराव बायकोशी भांडायला लागला की तो पौंड्रक वासुदेव वाटतो. डागासमोर दिव्याची हंडी टांगा.

टोप आणि मिशा ठीक. टोप विंचरून, नावनिशीच्या पिशवीत घालून देतात, आत पावडर मारलेली असते, वास येत नाही. हे फार थोड्या ठिकाणी दिसतं. मिशा कापडावर विणलेल्या घ्या, क्रेपच्या सुट्या नको. घाम पुसून, स्पिरिट गम लावून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग मिशी दाबायची. ओल्या गमवर लगेच चिकटवली की पहिल्या तानेला वरचा ओठ ताणतो आणि एक टोक सुटतं. सुटलंच तर नटाने विंगेत जाऊन काढूनच टाकावी. एक टोक लोंबकळत असताना अश्विनशेठने प्रेम व्यक्त करू नये.

‘शारदा’ करणाऱ्यांसाठी दोन ओळी. १८९९ सालच्या त्या नाटकातला भुजंगनाथ म्हणजे पैशाच्या जोरावर नातीच्या वयाची बायको करायला निघालेला श्रीमंत म्हातारा, आणि हे दुकान त्याला पांढरा टोप, काठी, जुनी शाल देतं. त्याने तो केविलवाणा होतो, लोकांना दया येते. त्याला नवं कोरं उपरणं, कडक अंगरखा, काळी मिशी आणि मुळाशी पांढरी कड ठेवलेला काळा टोप द्या. तरुण दिसायची धडपड दिसली की हशा आपोआप येतो. मुंडावळ्या इथल्या आखूड आहेत, बाजारातून आणा. दलाली खाणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला मात्र जुनी शाल चालेल, फक्त दर अंकाला ती थोडी नवी होत जावी.

वगासाठी हवालदाराचे दोन खाकी ड्रेस आहेत. शेजारच्या कवलापूरच्या, तमाशातल्या काळू-बाळूंनी हवालदार करून लोकांना लोळवलं, त्यामुळे या भागात ते ड्रेस सतत बाहेर असतात आणि पट्ट्यांची बक्कलं गेलेली आहेत. पट्टा आपला न्या. खऱ्या पोलिसांचा बिल्ला किंवा चिन्ह लावू नका.

व्यवहार असा: दर प्रयोगावर, अनामत वेगळी. गणपतीत, राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत आणि डिसेंबरातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत दर चढतात आणि निवड उरत नाही. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या आठवड्यात तर फोनही लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं तेही स्वयंवराचंच, त्यामुळे त्या आठवड्यात शालू आणि मुंडावळ्या मागूच नका. निदान तीन आठवडे आधी जाऊन सुटे कपडे निवडा, आपल्या संस्थेच्या नावाची चिठ्ठी प्रत्येकाला टाचा. चिठ्ठी नसेल तर काका ते कपडे दुसऱ्याला देतात, मुद्दाम नाही, गडबडीत. चाचणीला नटाला न्या. व्यवस्थापकाने अंदाजाने आणलेला अंगरखा काखेत हमखास फाटतो, कारण गाताना हात वर जातो हे त्याच्या ध्यानात नसतं.

परत करताना धुऊन देऊ नका, ते त्यांना आवडत नाही. जर आणि पक्का रंग यांचं त्यांचं गणित वेगळं आहे. घामाचे कपडे रात्रभर दोरीवर वाळवून, घडी न घालता, चादरीत गुंडाळून द्या. पावसाळ्यात ओलं गाठोडं बांधून ठेवलं तर दोन दिवसांत बुरशीचे ठिपके धरतात आणि अनामत जाते. अंगरख्याचे बंद, नथीचे आकडे, पगड्यांच्या आतल्या पट्ट्या काका समोर बसून मोजतात. भादव्यासाठी नेलेला तो विटका अंगरखाही मोजतात, आणि दर वेळी विचारतात, हा कशाला नेला होता?